नकार कुणी दिला?

१

खंडेनवमीच्या दुपारी तुर्भ्याच्या गावदेवी कोल्ड स्टोरेजमध्ये अमोनियाची गळती झाली. हौसेराव सपकाळ हा माथाडींचा मुकादम तेव्हा आतल्या चेंबरमध्ये सफरचंदांच्या पेट्या लावत होता. दार उघडून बघतो तर पॅसेज वायूनं भरलेला. तोंडावर ओलं फडकं दाबून तो तसाच धडपडत निघाला आणि लोडिंगच्या फलाटावर येऊन कोसळला. जीव वाचला, पण घसा आणि छाती आतून भाजून निघाली.

ही झाली दुर्घटना. मला बोलावलं ते वेगळ्या कारणासाठी. त्या कोल्ड स्टोरेजच्या कॉम्प्रेसर रूममध्ये एक अलार्मची पेटी आहे. हवेत अमोनिया आला की ती पेटी नेटवर्कवरून बेलापूरच्या ऑफिसला कळवते. ऑफिसमधून मग आत असलेल्या प्रत्येकाचा फोन वाजतो, की गॅस आहे, आहात तिथेच दार लावून थांबा, नाहीतर मागच्या दारानं बाहेर पडा. त्या दिवशी एकाही माणसाचा फोन वाजला नाही. पेटीच्या पडद्यावर एक ओळ तेवढी उमटली होती : "अलार्म गेला नाही. कनेक्शन रिफ्यूज्ड."

म्हणजे कुणीतरी नकार दिला होता.

मी संध्या. नेरूळला राहते. बंद पडलेली यंत्रं दुरुस्त करणारे पुष्कळ असतात. ती का बंद पडली आणि त्यात कुणाचा हात होता, हे शोधून सांगणं हा माझा धंदा. या धंद्यानं माझा स्वभाव बिघडवला असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं आहे. आमच्या लिफ्टवर "लिफ्ट बंद आहे" अशी पाटी लागली तरी मी चिडते. बंद आहे ते दिसतंय. का बंद आहे, कोणत्या मजल्यावर अडकली आहे, आत कुणी आहे का, ते लिहा ना!

दसरा झाल्यावर कोल्ड स्टोरेजच्या मालकाचा, हितेश भोईरचा फोन आला.

"मॅडम, केस तशी सॉल्व्ह हाय. पोरीनं कबूल केलाय. तुमी फक्त येऊन रिपोर्ट बनवा, मंग मी पोलिसात देतो."

"कोण पोरगी?"

"सुनयना. बेलापूरला त्या अलार्मच्या मशीनवर बसते ती. तिनंच प्रोग्रॅम बंद केलेला."

"तिला पकडलं कसं?"

"पकडला कोन? सोताच आली रडत. मॅडम, ती हौसेरावची पोरगी हाय."

२

बेलापूरचं ऑफिस म्हणजे सरकारी इमारतींच्या मागच्या गल्लीतली एक लांबट खोली. सुनयना तिथे टेबल आवरून, चाव्या समोर ठेवून माझी वाट बघत बसली होती. पंचविशीची असेल. डोळे सुजलेले. मी बसायच्या आत तिनं सुरुवात केली.

"मॅडम, माझं नाव रिपोर्टमध्ये नीट येऊ द्या. हितेशदादा म्हणतात 'ऑपरेटरची चूक' लिहू. तसं नको. सुनयना हौसेराव सपकाळ, असं लिहा."

कबुलीजबाबांवर माझा विश्वास कमी. खरे दोषी आधी चहा मागवतात आणि मग इंटरनेटला शिव्या देतात. ही पोरगी पाणीसुद्धा पीत नव्हती.

"काय केलंस ते सांग."

"त्या दिवशी दुपारी ऑफिसला आल्या आल्या, बोर्ड न बघताच, मी अलार्म घेणारा प्रोग्रॅम बंद केला. नवीन आवृत्ती टाकली आणि परत चालू केला."

"किती वेळ बंद होता?"

"चहा गाळायला लागतो तेवढा. पण पुढे ऐका ना. चालू केल्यावर पडद्यावरचा बोर्ड कोराच राहिला. तुर्भ्याची पेटी दर थोड्या वेळानं 'मी जिवंत आहे' असा सिग्नल पाठवते, तो येईना. मला वाटलं नवीन आवृत्तीत काहीतरी राहिलंय. सण होता. घरी आई पुरण शिजवून बसली होती. म्हटलं उद्या बघू." तिनं डोळे पुसले. "मी कुलूप लावून घरी गेले, मॅडम. बोर्ड कोरा दिसत असताना घरी गेले. आणि तिकडे बाबा..."

मी तिला रडू दिलं. मग विचारलं, "आणि नकार तुझ्याच मशीननं दिला कशावरून?"

"पेटीवर लिहिलंय ना. रिफ्यूज्ड."

त्या शब्दाचा अर्थ इथेच सांगून टाकते, कारण सगळं त्यावर उभं आहे. एक प्रोग्रॅम दुसऱ्याला नेटवर्कवरून हाक मारतो तेव्हा ती हाक निरनिराळ्या प्रकारे फसते. कधी आपल्याच दाराबाहेर रस्ता नसतो. मग सिस्टीम सांगते, नेटवर्क अनरीचेबल. कधी हाक जाते आणि उत्तरच येत नाही. मग टाइम्ड आउट. आणि कधी हाक समोरच्या यंत्रापर्यंत व्यवस्थित पोचते, यंत्र जागं असतं, पण ऐकणारा प्रोग्रॅम बंद असतो. तेव्हा ते यंत्र स्वतः उलट कळवतं, इथे कुणी ऐकत नाही. त्याला म्हणतात रिफ्यूज्ड. तीन दोष, आणि तिन्हींचे दोषी वेगळे. रिफ्यूज्ड असेल तर बोट थेट बेलापूरकडे, म्हणजे सुनयनाकडे जात होतं.

"वडिलांना भेटलीस?"

तिनं मान हलवली. "रोज जाते. वॉर्डबाहेरच्या बाकावर बसते. आत आई जाते. मला नाही जाता येत. काय तोंड दाखवू?"

तिच्या लॅपटॉपच्या झाकणावर कुंकवाचा मोठा, पसरट ठसा होता. माझी नजर गेलेली बघून तिनं त्यावरून हलकेच हात फिरवला.

"खंडेनवमीला सकाळी बाबांनी लावलं. त्यांचं अनामिकेचं पेर मालाच्या आकड्यात गेलं, म्हणून ते अंगठ्यानं कुंकू लावतात. आम्ही हसतो त्यांना, टिळा लावताय की सही करताय म्हणून."

मी उठले. दारात एक साधी गोष्ट आठवली.

"तो कोरा बोर्ड परत भरला कधी?"

"दसऱ्याच्या सकाळी. आपोआप सिग्नल यायला लागले."

"तू काय दुरुस्त केलंस?"

"काहीच नाही. मी तर इस्पितळात होते. ऑफिसला कुलूप होतं."

मी परत आत येऊन खुर्चीत बसले. कुलूपबंद खोलीतलं दुखणं आपोआप बरं झालं असेल, तर ते दुखणं त्या खोलीत नव्हतंच.

३

तुर्भ्याला गेले तेव्हा फळबाजारातले ट्रक फाटकापर्यंत लागले होते. दारांवर दसऱ्याची तोरणं सुकत होती, आणि वजनकाटा, हातगाड्या, माथाडींचे माल ओढायचे आकडे या सगळ्यांवर हळदकुंकू होतं. खंडेनवमीला हत्यारं पुसून पाटावर मांडायची, झेंडू वाहायचा, आणि पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत उचलायचं नाही, ही इथली रीत. तातडीचा माल निघाला तर शेजारच्या गाळ्यातून हातगाडी उसनी आणतात, पण पाटावरची हलवत नाहीत.

हितेशनं मला कॉम्प्रेसर रूम दाखवली. भिंतीवर सायरन होता. त्याची वायर कापून वर चिकटपट्टी लावलेली.

"हे काय?"

"तो ना, जरा वास आला तरी बोंबलायचा. मानसा माल टाकून पलायची. धंदा कसा करायचा? म्हटला बेलापूरचा अलार्म हाय ना, बस झाला."

"म्हणजे हौसेरावांना कळवायचे दोन मार्ग होते. त्यातला एक तुम्हीच कापलात."

"मॅडम, मला काय सपनात आलता?" तो तावातावानं म्हणाला, पण सायरनकडे त्यानं परत पाहिलं नाही.

कॉम्प्रेसर ऑपरेटर धर्मराज चाळिशीचा, किडकिडीत माणूस होता. हौसेरावचा जुना दोस्त. गळती त्यानंच व्हॉल्व्ह पिळून थांबवली होती. बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता, पेटीच्या पडद्याकडे बघत होता.

"ती ओळ कधी दिसली तुम्हाला?"

"सकाळपासूनच होती, मॅडम. सिग्नल गेला नाही, रिफ्यूज्ड. पुना पुना तेच."

"सकाळपासून?" सुनयनानं प्रोग्रॅम बंद केला होता दुपारी. "मग कुणाला सांगितलं का नाही?"

"आमी काय समजणार? कनेक्शन रिफ्यूज्ड म्हणजे समोरचा घेत नाही, एवढं कळतं. म्हटलं सणाची सुट्टी असेल, बेलापूरवाले बंद करून गेले असतील. आपल्या साइडचा प्रॉब्लेम असता तर आपण बघितला असता ना." त्यानं ओठ चावला. "देवाशप्पथ बघितला असता."

"इथल्या वायरींना, राउटरला कुणी हात लावला होता?"

"नाय नाय. कोणी नाय." उत्तर फार लवकर आलं. त्याची नजर क्षणभर ऑफिसच्या दारावर, वरच्या खिळ्याला टांगलेल्या काळ्या राउटरकडे गेली आणि पटकन खाली आली.

मी ते मनात ठेवलं आणि हितेशला विचारलं, ही ओळ आधी कधी आली होती का?

"आलेली ना. मे महिन्यात. बाहेर रस्ता खोदताना जेसीबीनं केबल तोडली, पूरा एरिया बंद. तवा पन हेच लिवून येत होता, रिफ्यूज्ड."

"नक्की हेच?"

"फोटो हाय माज्याकडं. केबलवाल्याला पाठवलेला."

त्यानं फोटो दाखवला. तीच ओळ, तोच शब्द. मी तो फोन हातात धरून ती ओळ पुन्हा वाचली. केबल तुटलेली. हाक फाटकाबाहेरही जाऊ शकत नव्हती. मग मे महिन्यात नकार कुणी दिला होता?

४

पेटीतला प्रोग्रॅम नंदकिशोरनं लिहिला होता. वाशीला त्याचं छोटं ऑफिस आहे. हुशार माणूस, आणि ते त्याला माहीत असलेला.

"संध्याताई, सी भाषेत लिहिलंय. कसलाही फापटपसारा नाही. जोडणी फसली की सिस्टीम कारण देते, ते मी जसंच्या तसं पडद्यावर छापतो. माझ्या पदरचं काही घालत नाही."

"तेच तर दुखणं आहे. कुणाला हाक मारली, कोणत्या पत्त्यावर, कोणत्या पायरीला अडलं, यातलं एक अक्षर नाही त्या ओळीत. 'अलार्म गेला नाही, रिफ्यूज्ड.' कुणी केलं रिफ्यूज?"

"उघड आहे. बेलापूरनं."

"उघड आहे तर लिहायला काय झालं होतं? चला तुर्भ्याला."

तो कुरकुरत आला. पेटीसमोर मी त्याला उभं केलं, धर्मराज आणि हितेशला बोलावलं, आणि पेटीमागची नेटवर्कची वायर उपसून हातात घेतली.

"आता ही पेटी बेटावर आहे. चाचणीचा अलार्म द्या."

नंदकिशोरनं बटण दाबलं. पडद्यावर ओळ उमटली : "अलार्म गेला नाही. कनेक्शन रिफ्यूज्ड."

वायरीचं टोक माझ्या हातात लोंबत होतं.

"ज्या घरापर्यंत रस्ताच नाही, त्या घरानं माझ्या तोंडावर दार लावलं म्हणतेय तुमची पेटी," मी म्हणाले. "आता प्रोग्रॅम उघडा."

त्यानं लॅपटॉप उघडला. शोधायला वेळ लागला नाही. सीमध्ये एखादी हाक फसली की सिस्टीम कारणाचा आकडा एका ठरलेल्या जागी लिहून ठेवते. शाळेतल्या पाटीसारखं समजा. पाटी एकच. तुम्ही ते कारण लगेच उतरवून घेतलं नाही, आणि मध्ये दुसरं काही करायला गेलात आणि तेही फसलं, तर पाटीवरचं पहिलं पुसून दुसरं लिहिलं जातं.

नंदकिशोरच्या प्रोग्रॅमात बेलापूरची हाक फसली की आधी नोंद ठेवणाऱ्या एका दुसऱ्या प्रोग्रॅमला हाक जात होती. आणि त्यानंतर पाटी वाचून कारण छापलं जात होतं.

"तो नोंद ठेवणारा प्रोग्रॅम कुठे चालतो?" मी विचारलं.

"याच पेटीत... चालायला हवा." त्याचा आवाज खाली आला. "तो बसवायचा राहिला. पुढच्या टप्प्यात बसवणार होतो."

"म्हणजे पेटी स्वतःलाच हाक मारते, आत ऐकणारं कुणी नसतं, आणि पेटी स्वतःलाच नकार देते. वायर असो वा नसो. बेलापूर चालू असो वा बंद. पडद्यावर येणार एकच शब्द."

नंदकिशोर खाली बसला. दोन ओळींची अदलाबदल होती फक्त. आधी कारण उतरवून घ्यायचं, मग नोंद करायची. त्यानं उलटं केलं होतं.

"त्या मुलीनं मला फोन केला होता," तो पुटपुटला. "विचारलं, सर, रिफ्यूज्डचा दुसरा काही अर्थ असू शकतो का? मी म्हटलं, नाही. मी हसलो होतो, संध्याताई."

सुनयनाला दोषी ठरवणारा एकुलता एक साक्षीदार खोटारडा निघाला होता. पण म्हणून खरं कारण कळलं नव्हतं. सकाळपासून सिग्नल जात नव्हता, दसऱ्याच्या सकाळी आपोआप जायला लागला. मी स्टूल ओढलं, ऑफिसच्या दाराशी नेलं आणि त्यावर चढले.

"मॅडम, राहू द्या," धर्मराज घाईनं म्हणाला. "धूळ हाय तिथं."

धूळ नव्हती. राउटर लख्ख पुसलेला होता. खिळ्यावरून उतरवून मी तो उलटा केला. भिंतीकडे असलेल्या बाजूवर, टांगलेला असताना जिथे कुणाचं बोटही शिरणार नाही तिथे, कुंकवाचा मोठा, पसरट ठसा होता. हवेच्या फटीत झेंडूची पाकळी अडकली होती.

तो ठसा मी आधी पाहिला होता.

५

धर्मराजनं फलाटाच्या कडेला बसून सगळं सांगितलं.

"पूजा दरवर्षी हौसाच मांडतो. यंदा सकाळी लवकर आला. आकडे, काटा, हातगाडी, सगळं पाटावर लावलं. मग स्टूलवर चढून तो डबा काढला. मी म्हटलं, हे कशाला रे? तर म्हणतो, आपली हत्यारं पुजतो, आन माझ्या पोरीचं हत्यार तेवढं भिंतीवर ठेवू व्हय? तिचं सगळं काम ह्या डब्यातनं जातं म्हणं. एवढा खूश होता, मॅडम. लायटी लागतात ना त्याला, ते दाखवत होता सगळ्यांना. मग पुसला, कुंकू लावलं, वर फुलं वाहिली. आणि पूजेतलं हत्यार उठवायचं नाय, म्हणून तो तसाच राहिला. फुलांखाली दिसेनासा झाला. मीपण विसरलो."

"दसऱ्याला तुम्ही परत टांगलात."

"पूजा उचलताना हातात आला. तवा आठवलं, हा तर सकाळपासून पूजेत होता. पण परत विचार केला, कॉम्प्युटर तर सांगतोय बेलापूरनं रिफ्यूज केलं. मंग ह्या डब्याचा काय संबंध? उगाच हौसाचं नाव कशाला घ्या, तो मरायला टेकलाय. म्हणून गप बसलो." त्यानं तोंड हातात लपवलं. "आणि त्याच्या पोरीला चोरासारखं बसवलं. तिला खेळवलीय मी लहानपणी."

हितेश मागे उभा राहून ऐकत होता. त्याचा सुटकेचा नि:श्वास मला ऐकू आला.

"म्हंजे हौसेरावचीच मिश्टेक. मंग तसाच लिवा ना रिपोर्टमधी."

माझं डोकं फिरलं. "लिहिते. तो डबा काढल्यानं काय बंद पडेल, हे कुणी त्यांना कधी सांगितलं नाही, तेही लिहिते. पेटीनं सकाळपासून ओरडून सांगितलं, पण चुकीचं सांगितलं, म्हणून धर्मराजनी वर बघितलं नाही, हे लिहिते. 'इथून बाहेर जायला नेटवर्क नाही' एवढं जरी पडद्यावर आलं असतं तरी हा माणूस स्टूलवर चढला असता आणि डबा फुलांतून शोधून लावला असता. सुनयना कोरा बोर्ड बघून घरी गेली, तेही लिहिते. आणि कापलेल्या सायरनचा फोटो पहिल्या पानावर लावते, हितेशशेट."

हितेश आत गेला आणि चिकटपट्टी ओरबाडल्याचा आवाज आला.

मला मात्र समाधान वाटेना. कोडं सुटलं की मी एरवी वाशीला उतरून मिसळ खाते. त्या दिवशी रिक्षात बसले आणि सरळ इस्पितळ सांगितलं. पोरगी निर्दोष आहे हे सिद्ध करायचं तर बापाचा अंगठा दाखवायला लागत होता, आणि तो अंगठा त्यानं तिच्यासाठीच उठवला होता.

६

सुनयना वॉर्डबाहेरच्या बाकावरच होती. मी शेजारी बसले.

"तुझ्या मशीननं नकार दिला नव्हता. पेटी खोटं बोलत होती. अलार्म तुर्भ्याच्या बाहेरच पडला नाही."

ती माझ्याकडे वळली. "का?"

"राउटर काढलेला होता. पूजेत ठेवला होता."

राउटरवरच्या ठशाचा मी काढलेला फोटो दाखवायचा नाही असं वाटेत ठरवलं होतं. दाखवायची गरज पडली नाही. कोल्ड स्टोरेजची पूजा कोण मांडतं, हे तिला माझ्याआधी माहीत होतं. तिचा चेहरा आधी उजळला आणि लगेच पार उतरला.

"त्यांना सांगू नका," ती माझा हात धरून म्हणाली. "माझंच नाव राहू द्या. मला दुसरी नोकरी मिळेल, मॅडम. बाबांना हे कळलं तर ते खचतील."

मी काही कबूल केलं नाही. आत गेले.

हौसेरावांच्या तोंडावरचा मास्क त्याच दिवशी काढला होता. मोठ्या हाडापेराचा माणूस खाटेवर अगदी एवढासा दिसत होता. बोलणं म्हणजे नुसती फुंकर. मी नाव सांगितल्यावर त्यांनी हातानं जवळ बोलावलं.

"तुमी तपासाच्या बाई ना? मग लिवून घ्या. तो डबा म्याच काढला हुता." एकेका शब्दाला दम लागत होता. "पडल्या पडल्या समदं ध्यानात आलं. फोन वाजला न्हाय, म्हंजी डबा. कुणाला सांगू म्हटलं तर तोंडावर ह्ये बांधलेलं." डोळ्यांच्या कडांतून पाणी उशीवर गेलं. "पोरीला कळलंय. म्हणून ती आत येत न्हाय. बाहीर बसती, आन आत येत न्हाय. रागावलीया माझ्यावर. तिचं काम म्या बंद पाडलं."

मी खाटेचा दांडा धरून उभी राहिले. दारापलीकडे बसलेली पोर समजत होती की तिनं बापाला भाजलं. खाटेवरचा बाप समजत होता की पोर रागावली आहे. दोघांना फक्त एवढंच कळलं होतं, की काहीतरी तुटलंय. आणि प्रत्येकानं राहिलेली जागा स्वतःच्या नावानं भरली होती. ते दोघं असे किती वर्षं बसले असते कोण जाणे. सुनयनाला दिलासा द्यायचा आणि हौसेरावांना झाकून ठेवायचं, हा शहाणपणा मला जमण्यातला नव्हता. अर्धवट सांगण्यानंच तर हे सगळं झालं होतं.

मी दार उघडलं. "सुनयना, आत ये."

"मॅडम, नको..."

"आत ये म्हणते ना!" नर्सनं माझ्याकडे रागानं बघितलं. बघू दे.

ती आली, पायांकडे उभी राहिली. मी दोघांच्या मध्ये उभं राहून सगळं सांगितलं, कुठे काय झालं, कुणी केलं आणि का केलं. राउटर कुणी काढला, कुणासाठी काढला. पेटीनं कोणतं खोटं सांगितलं आणि ते कुणी लिहिलं होतं. धर्मराज का गप्प बसला. सायरन कुणी कापला. सुनयना बोर्ड कोरा सोडून का गेली. आणि ती आत का येत नव्हती.

शेवटचं ऐकून हौसेराव उठायला बघू लागले. "तुला... तुला वाटलं तू? आगं येडे..."

"मी घरी गेले, बाबा. बोर्ड कोरा होता तरी घरी गेले."

"सणाला घरी न्हाय जायचं तर कुटं जायचं?"

"तुम्ही माझ्या डब्याला कुंकू लावलंत." ती रडत होती आणि त्यात हसूही आलं. "मला सांगितलं पण नाही."

"सांगणार हुतो. सांजच्याला."

ती खाली बसली आणि त्यांचा उजवा हात तिनं गालाशी धरला. मी बाहेर येऊन बाकावर बसले. बाक अजून ऊबदार होता.

माझ्या रिपोर्टवर हितेश पोलिसांत गेला नाही. गेला असता तर त्याचंच नाव पुढे आलं असतं. सायरन परत जोडला. सुनयना कामावर राहिली. नंदकिशोरनं दोन ओळींची जागा बदलली आणि मग, मी न सांगता, प्रत्येक फसलेल्या हाकेचा संदेश नव्यानं लिहिला. त्यातला एक सुनयनानं त्याच्याकडून मागून घेऊन स्वतः लिहिला. हौसेराव घरी आले तेव्हा तिनं तो फोनवर त्यांना दाखवला. मी तिथे पुरणपोळीला होते, खंडेनवमीला राहिलेली पुरणपोळी. हौसेरावांनी चष्मा लावला आणि एकेका शब्दावर थांबत, खोकत वाचलं :

"तुर्भ्याच्या पेटीनं बेलापूरला अलार्म पाठवायचा प्रयत्न केला. जोडणी करतानाच अडलं. कारण : इथून बाहेर जायला नेटवर्कच नाही. बेलापूर चालू असेल, चूक या बाजूला आहे. ऑफिसच्या दारावरचा राउटर जागेवर आहे का बघा. पूजेत ठेवला असेल तर देवीची माफी मागून आधी परत लावा. तोवर सुनयनाला फोन करा."

खाली तिचा नंबर होता.

त्यांनी ते पुन्हा एकदा वाचलं. फोन खाली ठेवला.

"म्हंजी पुढच्या वर्साला त्येची पूजा न्हाय करायची?"

"करायची की," सुनयना म्हणाली. "पण भिंतीवरच. मी स्टूल धरते, तुम्ही अंगठा लावा."